छत्तिसावी फ्रेम

ता. ८ जुलै

चि. भागूबाईस,
अ. उ. आ.

तुझा पहिला रोल परवा पोचला. मोठ्या हौसेने डार्करूममध्ये गेलो, म्हणजे तुझ्या मामीने मला धरून नेलं, कारण पाय अजून प्लॅस्टरमध्येच आहे. रोल धुतला, वाळत घातला, उजेडासमोर धरला आणि पाहतो तर काय, छत्तीसच्या छत्तीस फ्रेम कोऱ्या! चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, पण इतका शिस्तीत रिकामा राहिलेला रोल पहिल्यांदाच पाहिला. अगं बाई, भिंगावरचं झाकण काढायचं असतं. या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं, त्यामुळे झाकण तसंच राहिलं तरी तुला सगळं छान दिसत राहतं. मामी हसून हसून बेजार झाली.

रागावलो नाही. नवशिक्याचा पहिला रोल असाच जातो, माझाही गेला होता. कॅमेरा तुला दिला तो फोटो यावेत म्हणून नाहीच. लहानपणी पाल दिसली की तू पलंगावर चढायचीस, म्हणून सगळे भित्री भागूबाई म्हणायला लागलो. आता शिकून शिक्षिका झालीस, खाणीवरच्या शाळेत नोकरीला लागलीस, तरी ताईच्या पत्रावरून कळतं की शाळा सुटली की तू खोलीत कडी लावून बसतेस. हातात कॅमेरा असला की माणसाला बाहेर पडावंच लागतं, एवढाच माझा हेतू.

आता पहिला धडा. सुरुवात निसर्गदृश्याने कर, कारण डोंगर पळून जात नाही. ट्रायपॉडवर कॅमेरा लाव, अॅपर्चर सोळावर ठेव म्हणजे जवळचं गवत आणि लांबचा डोंगर दोन्ही स्पष्ट येतील. पुढे काहीतरी असू दे, नुसता डोंगर फोटोत सपाट दिसतो. सकाळचा किंवा संध्याकाळचा उजेड घे, दुपारचा नको. एक जागा ठरव, जमिनीवर ट्रायपॉडच्या तीन पायांच्या तीन खुणा कर आणि दर रविवारी त्याच जागेवरून तोच फोटो काढ. माझ्या गुरूंनी मला वर्षभर हेच करायला लावलं होतं. जागा तीच, वेळ तीच, आणि काय काय बदलतं ते बघ.

आणि एक नियम पाठ कर. रोलमधली शेवटची फ्रेम कधी वापरायची नाही. घरी परतेपर्यंत ती शिल्लक हवी. वाटेत काय दिसेल, सांगता येत नाही.

माझा पाय बरा आहे. दुसऱ्यांना घाबरू नकोस म्हणून सांगणारा माणूस दोन फुटांच्या स्टुलावरून पडला, हे कुणाला सांगू नकोस. मायेत तूट नाही, पत्रांत पडू देऊ नकोस.

तुझा,
मामा


ता. १५ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून लाजेने अर्धमेली झाले. झाकण आता दोरीने कॅमेऱ्यालाच बांधून टाकलंय, म्हणजे ते लोंबतं आणि आठवण देतं.

जागा ठरवली. इथे ओढ्याच्या अलीकडे पंपघर आहे आणि त्याला लागून मोठा सिमेंटचा कट्टा. कट्ट्यासमोर खाणीला पाणी पुरवणारं लहानसं तळं, त्याला पलीकडून सरळ दगडी बांध. बांधामागे ओढा, ओढ्यापलीकडे कामगारांच्या खोल्यांची लांब रांग, रांगेच्या टोकाला माझी शाळा आणि या सगळ्याच्या मागे डोंगर. खाण डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. विजेचे खांब शाळेमागून वर चढत जातात. पांढऱ्या रंगाने कट्ट्यावर तीन खुणा केल्या.

पंपघर एक म्हातारे गृहस्थ सांभाळतात. सगळे त्यांना पंपवाले आजोबा म्हणतात. मशीनच्या आवाजाने त्यांचे कान पार गेलेत. माझ्या खुणा पाहून आधी डाफरले, मग ट्रायपॉड त्यांना एकदम पसंत पडला. तेही रांगेतच राहतात, शाळेला लागून तिसऱ्या खोलीत.

मामा, तुम्ही हसाल, पण इथे मला डोंगराची भीती वाटते. दिवसा सुरुंगांचे आवाज येतात, ते ठीक आहे, त्यांची वेळ ठरलेली. पण सकाळी सगळं शांत असताना मागून कधी कधी करकर ऐकू येते, जड कपाट कुणीतरी सरकवावं तशी. शाळेचं दार गेल्या आठवड्यापासून लागत नाही, चौकटीत अडकतं. मुलं मजेत त्याला लाथा घालतात. मी त्यांना ओढून बाजूला घेते.

रोल पाठवत आहे. शेवटची फ्रेम ठेवली आहे. मामींना नमस्कार. मायेची सवय लागली आहे, ती मोडू नका.

तुमची,
भागूबाई


ता. २४ जुलै

चि. भागूबाईस,
अ. उ. आ.

या वेळी फोटो आले! प्रिंट सोबत आहेत. गवताच्या पात्यावरचा टोळ फारच सुरेख. जवळून फोटो घेताना वारा थांबायची वाट पाहिलीस, हे दिसतंय. पक्ष्यांचे मात्र आठही फोटो म्हणजे आठ ठिपके. उडत्या पक्ष्याला शटर पाचशेच्या खाली नको, आणि त्याच्यामागे पळायचं नाही, तो जिथे परत येतो तिथे जाऊन बसायचं.

पण तुझ्या रविवारच्या निसर्गदृश्यात सगळं जगच डावीकडे कललंय. पाहताना मामीने मान वाकडी केली ती अजून दुखते म्हणते. नवशिक्यांचा हा ठरलेला दोष. यावर सोपा उपाय आहे. फोटोत एखादी सरळ उभी वस्तू शोध, शाळेमागचा तो पहिला खांब चालेल, आणि खिडकीची उभी कड त्याला अगदी समांतर लाव. लागलं तर ट्रायपॉडच्या एका पायाखाली चकती सरकव. खांब सरळ आला की बाकी सगळं आपोआप सरळ येतं. आमच्या धंद्यात याला पर्याय नाही.

दाराचं म्हणशील तर पावसात लाकूड फुगतं. आमच्या स्टुडिओचंही दार चार महिने अडकतं, म्हणून काय आम्ही घाबरून पळालो? करकर बहुधा खाणीतली यंत्रं असतील. तू आपली घाबरायला कारण शोधतेस. कॅमेरा घेऊन बाहेर पड, भीती आपोआप कमी होईल.

आहे तो जिव्हाळा तसाच राहो.

तुझा,
मामा


ता. ५ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं दोन्ही रविवारी खांबाला कड लावून फोटो काढला. खांब अगदी काटेकोर सरळ घेतलाय. पक्ष्यांसाठी डोंगराच्या पायथ्याला झाडीत तासभर बसले, पण आले नाहीत. गेल्या महिन्यात तिथे इतके होते. पंपवाले आजोबा हातवारे करून म्हणाले की तेही विचारच करत होते, गेले कुठे.

मामा, लाकूड फुगलं असेल, पण फरशी का फाटावी? शाळेच्या फरशीला मागच्या भिंतीपासून दारापर्यंत चीर गेली आहे. सुरुवातीला त्यात नख जात होतं, आता पेन्सिल जाते. मागचा झरा कायम स्वच्छ असायचा, तो गढूळ झालाय. मी सगळा धीर गोळा करून खाणीच्या साहेबांकडे गेले. माझं बोलणं संपायच्या आतच त्यांनी हात वर केला. म्हणाले, बाई नव्या आहेत, डोंगराची सवय नाही, तो पावसात आवाज करतोच. शिवाय खाणीच्या इंजिनियरने गेल्या वर्षीच पाहणी केली आहे. तिथे बसलेले सगळे हसले. मीही हसले, मामा. काय करणार? आणि परत आले.

तेव्हापासून वर्गात मुलांना मागच्या भिंतीपासून दूर, दाराजवळ बसवते. कारण विचारलं तर सांगते की इथे उजेड चांगला आहे. एकतीस मुलं आहेत. दिवसभर मनात मोजत राहते.

रोल पाठवते आहे. तुमची माया आहे म्हणून इथे टिकून आहे.

तुमची,
भागूबाई


ता. १४ ऑगस्ट

चि. भागूबाईस,
अ. उ. आ.

आता काय म्हणू तुला? खांब सरळ आणलास, शाब्बास. पण या वेळी तळं कललं! पहिल्या रविवारी थोडंसं, दुसऱ्या रविवारी चांगलंच. मी मामीला म्हटलं, आणखी एक रविवार गेला की सगळं पाणी फोटोतून बाहेर सांडेल, खाली बादली लाव. प्रिंट पाठवतो, तूच बघ. ट्रायपॉडच्या पायाचा स्क्रू सैल असेल, घट्ट कर.

पुढचा धडा उघड्यावर माणसांचे फोटो. ऊन थेट तोंडावर घेऊ नकोस, माणसं डोळे मिचकावतात. ढगाळ दिवस उत्तम. समूह असेल तर उंच मागे, बुटके पुढे, वयस्क मंडळींना मध्ये खुर्ची. माणसांना बांधून ठेवायची युक्ती सांगतो. घाई करायची नाही. इकडची व्यक्ती तिकडे हलव, कुणाची कॉलर नीट कर, एकाचे डोळे मिटले म्हणून पुन्हा घ्यायचा आहे असं सांग. फोटोसाठी माणूस तासभर उभा राहतो, इतर कशासाठी पाच मिनिटं थांबत नाही.

चिरेबद्दल वाचून मामीचा चेहरा उतरला. ती म्हणते पोरीला घरी बोलवा. मी म्हटलं, जुन्या इमारतींना चिरा पडतातच. साहेब एवढं सांगताहेत तर असेल काहीतरी. तू उगाच जीवाला लावून घेऊ नकोस.

लोभाचं पारडं इकडून जड आहे, याची खात्री बाळग.

तुझा,
मामा


ता. २० ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते, टपालाची गाडी निघते आहे. चार दिवस पाऊस थांबलेला नाही. तुमचं पत्र अजून आलेलं नाही. रविवारचे फोटो वेगळ्या छोट्या रोलवर काढून पाठवते आहे.

तुमच्या ट्रायपॉडला काहीतरी झालंय. तीनही पाय खुणांवरच ठेवते, तरी खांब सरळ येत नाही. आधीच्या रविवारी डाव्या पायाखाली दगडाची एक कपची घातली तेव्हा जमलं. या रविवारी दोन कपच्या लागल्या. स्क्रू सगळे घट्ट आहेत, तपासले. दोष कशात आहे ते कळवा.

सकाळी मला खूप भीती वाटते. मुलं येईपर्यंत मी शाळेत जात नाही, बाहेर छत्री घेऊन उभी राहते. कुणी विचारलं तर सांगते किल्ली सापडत नव्हती.

तुमची,
भागूबाई


ता. २६ ऑगस्ट

चि. पोरी,

आशीर्वाद वगैरे नंतर. हे पत्र हातात पडेल त्या क्षणी मुलांना घेऊन शाळेबाहेर पड. रांगेतल्या सगळ्यांना ओढ्याच्या अलीकडे आण. पुढचं मग वाच.

तुझं पत्र काल आलं. दोन कपच्यांचं वाचलं आणि तुझे सगळे रविवार काचेच्या टेबलावर एकावर एक ठेवले. खांबाला खांब जुळवला. पाणी जुळेना. दर आठवड्याला बांधाजवळची पाण्याची रेघ जास्तच कलत गेलेली. मी किती वेळ मूर्खासारखा स्क्रूचाच विचार करत होतो. मग मामीने टेबलावर पाण्याचा पेला ठेवला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाणी कसं कलेल? पाणी कधी तिरपं नसतं! तिरपा आहे तो खांब. दोष तुझ्या ट्रायपॉडचा नव्हताच. मीच तुला कलत्या खांबाला कॅमेरा जुळवायला लावला. खांब ज्या जमिनीत उभा आहे ती जमीन चालते आहे, पोरी, आणि दर आठवड्याला वेग वाढतो आहे. तुझं दार, तुझी चीर, तुझा झरा, सगळं तू मला लिहीत होतीस आणि मी बादलीचे विनोद करत होतो.

खाणीच्या कचेरीत सकाळपासून फोन लावतोय, लागत नाही. तारघरातला कारकून म्हणाला की नदीपलीकडच्या तारा पावसाने तुटल्या आहेत. कुबड्या घेऊन गाडीतळावर गेलो, तर रस्ता फक्त मालाच्या ट्रकना खुला. एक ट्रकवाला तुमच्या खाणीवर धान्य घेऊन जातो आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो. तीन दिवस लागतील म्हणतो. त्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

कुणी हसलं तर हसू दे. मी हसलो तेवढं पुरे झालं. आयुष्यात पहिल्यांदा मला इतकी भीती वाटते आहे, घाईत लिहितो आहे, अक्षर लावून घे. साहेबांचं ऐकू नकोस. माझंही यापूर्वीचं काही ऐकू नकोस.

मामा


ता. ३० ऑगस्ट

चि. बाळास,
मामीचे अनेक आशीर्वाद.

मला फोटोतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून साधंच लिहिते. चार दिवसांत तुझा शब्द नाही. तुझे मामा जेवत नाहीत. टेबलावर तुझे फोटो पसरून बसतात, भिंग लावून खिडक्या मोजतात, रांगेत किती खोल्या, खोलीत किती माणसं असतील. मी ते टेबल आवरलं तर माझ्यावर ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तुझ्या आईला मी अजून काही कळवलेलं नाही. काय कळवू? रेडिओवर डोंगराकडच्या पावसाचं सांगतात आणि पुढे गाणी लावतात. तू लिहिता येत असेल तर दोनच ओळी लिही. आम्हाला फोटो नकोत, तू हवीस.

तुझी मामी


ता. ३१ ऑगस्ट

ती. मामा व मामी यांस,
सा. न. वि. वि.

मी आहे. आम्ही सगळे आहोत. हे आधी वाचा, पाणी प्या आणि मग पुढचं वाचा.

मामांचं २६ तारखेचं पत्र घेऊन ट्रकवाला काल आला. तोवर सगळं होऊन गेलं होतं. पण १४ तारखेचं, बादलीचं पत्र मला शनिवारी मिळालं, आणि ते मिळालं नसतं तर आज मी हे लिहीत नसते. म्हणून मामा, त्या विनोदासाठी स्वतःला बोल लावू नका.

झालं असं. प्रिंट घेऊन मी कट्ट्यावर गेले आणि पंपवाल्या आजोबांना दाखवले, बघा तुमचं तळं कसं सांडतंय. मला वाटलं हसतील. ते भयंकर चिडले. त्यांच्या तळ्याचा अपमान झाला होता. माझा हात धरून मला पाण्यापाशी नेलं, बांधाच्या दगडांची ओळ दाखवली आणि पाणी त्या ओळीला कसं टोकापासून टोकापर्यंत सारखं टेकलंय ते बोटाने दाखवलं. मोठ्याने म्हणाले की चाळीस वर्षं या पाण्यावर नजर आहे, ते असलं काही करणार नाही. मी त्यांच्या बोटाकडे पाहिलं, मग मान वर करून खांबाकडे पाहिलं. प्रिंटशिवाय, कॅमेऱ्याशिवाय, नुसत्या डोळ्यांनी. कलला होता तो खांब, पाणी नव्हे.

मी पळत साहेबांकडे गेले. प्रिंट पुढे ठेवले. ते म्हणाले, बाई, तुम्हाला फोटो सरळ काढता येत नाही याला डोंगर काय करणार. आजोबांना रांगेतून बाहेर या म्हणून खाणाखुणा केल्या तर त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. दोन-तीन घरी सांगून पाहिलं. मुलांच्या आया चांगल्या आहेत, पण पावसात चूल आणि बिऱ्हाड घेऊन जायचं कुठे, आणि तेही माझ्या सांगण्यावरून? मी घाबरट आहे हे दोन महिन्यांत सगळ्यांना पाठ झालंय.

रविवारी सकाळी पाऊस थांबला होता. मागचा झरा बंद पडला होता. गढूळ नाही, बंदच. खांबाला आधार देणारी तार तुटून लोंबत होती. मामा, मला तुमची युक्ती आठवली. मी दारोदार गेले आणि सांगितलं की शहरातल्या स्टुडिओसाठी सगळ्या वस्तीचा मोठा फोटो काढायचा आहे, नऊ वाजता कट्ट्यावर या, जो येणार नाही तो फोटोत नाही. जी माणसं जीव वाचवायला उठली नसती ती केस विंचरून, इस्त्रीचे कपडे घालून आली. कडेवरची मुलं आली. साहेब स्वतः आले, कारण त्यांना वाटलं मधली खुर्ची त्यांची. ती मी पंपवाल्या आजोबांना कबूल केली होती, त्याशिवाय ते येतच नव्हते. साहेब रुसून कडेला उभे राहिले. मोजले, चौसष्ट. वस्तीत एकही माणूस उरलं नव्हतं.

माझा बेत असा होता की सगळे जमले की पाणी आणि खांब दाखवायचे आणि ओरडून सांगायचं, परत जाऊ नका. पण सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. साहेब समोर, त्यांचं ते हसू समोर. म्हणून मी फोटोच काढत राहिले. कॅमेरा तीन खुणांवरच होता, फक्त मी तो उलटा फिरवला होता. माणसांची तोंडं डोंगराकडे, माझी पाठ. उजेडासाठी नाही. मला डोंगराकडे बघवत नव्हतं.

रोल जुनाच होता, त्यात मोजून सात फ्रेम शिल्लक होत्या. पहिल्या अर्ध्या तासात सहा संपल्या. शेवटची ठेवायची हा तुमचा नियम. त्यानंतर मी नुसतं नाटक केलं. याला तिकडे हलव, तिची कॉलर नीट कर, कुणाचे डोळे मिटले, पुन्हा. बटण दाबल्यासारखं करायचं, दाबायचं नाही. आजोबांना कानाशी जाऊन ओरडून सांगितलं होतं की मी हात वर करेपर्यंत काचेकडे बघायचं आणि हलायचं नाही. तास होत आला. बायका कुरकुरायला लागल्या, चुलीवर काही ठेवून आल्या होत्या. साहेब घड्याळ बघून म्हणाले की पुरे झाला पोरखेळ, आणि निघायला लागले. मी त्यांना हात जोडले. म्हटलं, साहेब, एकच, शेवटचा, तुम्ही मध्ये या. ते परत फिरले.

तेव्हा पायाखालचा कट्टा थरथरला. खिडकीतून मला समोरचे सगळे चेहरे एकदम बदललेले दिसले, आणि बोटाने आपोआप बटण दाबलं. मग आवाज आला. मी कॅमेऱ्याला मिठी मारून तिथेच बसले आणि डोळे मिटून घेतले. डोंगर कोसळताना मी पाहिलाच नाही, मामा. डोळे उघडले तेव्हा रांग नव्हती, शाळा नव्हती, नुसती ओली लाल माती ओढ्यापर्यंत येऊन थांबली होती. आजोबा अजून खुर्चीत बसून होते. मी हात वर केला नव्हता ना.

साहेबांनी नंतर माझ्यासमोर टोपी काढली आणि निघून गेले. सगळे आता गोदामात राहतात. मुलांना मी गोदामाच्या ओट्यावर शिकवते. सगळे मला विचारतात, बाई, शेवटच्या फोटोत काय आलंय. मला माहीत नाही. रोज झोपायच्या आधी वाटतं की ते चित्र बघू नये, आणि रोज सकाळी वाटतं बघावं. रोल पाठवते आहे. आधी तुम्ही पाहा आणि मला झेपेल का ते सांगा. तुम्ही म्हणाल तसं करेन.

मामी, आईला आता कळवा. माया अशीच असू द्या, तिचा मोठा आधार झाला.

तुमची,
भागूबाई


ता. ९ सप्टेंबर

चि. भाचीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचायला घेतलं आणि पहिल्याच ओळीनंतर माझ्या हातात दिलं. पुढचं मी वाचलं. मग आम्ही दोघंही पाणी प्यायलो, तू सांगितलंस म्हणून.

रोल धुतला. इतकी वर्षं हे काम केलं, पण या वेळी बाटली हलवताना मला घाम फुटला होता. पहिल्या सहा फोटोंबद्दल आधी लिहितो, कारण धडा तो धडा. मांडणी उत्तम. उंच मागे, बुटके पुढे, ढगाळ उजेड, एकाच्याही कपाळावर आठी नाही. कडेची बाई दोनदा अर्धी कापलीस, पुढच्या वेळी एक पाऊल मागे जा. साहेबांचा रुसवा फारच छान आलाय.

आता छत्तिसावी. किंचित हललेली आहे. ट्रायपॉड खुणांवर होता, बोटही हलकं होतं, हलली ती जमीन. असा फोटो एरवी मी कचऱ्यात टाकतो. हा मी स्टुडिओत असलेल्या सगळ्यात मोठ्या कागदावर काढला.

झेपेल का म्हणून विचारलंस. तीन दिवस तो फोटो समोर ठेवून मग लिहायला बसलो आहे. झेपेल. कारण त्यात डोंगर नाही. तो तुझ्या पाठीमागे होता, तो फोटोत येणारच कसा? त्यात माणसं आहेत. कुणाचं तोंड उघडं, कुणी पोराला छातीशी ओढलंय, एका बाईचा हात डोक्यावर, साहेबांचा एक पाय परत मध्ये येण्यासाठी उचललेला तसाच राहिलेला. सगळ्यांची नजर तुझ्या डोक्यावरून वर. घाबरलेले चेहरे आहेत, खूप घाबरलेले. पण घाबरायला ती सगळी तिथे उभी आहेत.

मामीने भिंग घेऊन मोजले. मी मोजले. मग पुन्हा तिने मोजले. चौसष्ट.

आणि बरोबर मध्ये, खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तुझे पंपवाले आजोबा. त्यांना काही ऐकूच आलं नाही. त्रेसष्ट माणसं डोंगराकडे बघताहेत आणि ते एकटे, पापणी न हलवता, तुझ्याकडे.

तुला भागूबाई म्हणायचं मी या पत्रापासून बंद केलंय. घाबरायचं मात्र तू बंद करू नकोस. ज्याला घाबरायला हवं होतं त्याला तू घाबरलीस, आणि मी तुला खांब सरळ करायला शिकवत होतो. पुढच्या आठवड्यात प्लॅस्टर निघतंय. रस्ता उघडला की आम्ही दोघं येतो, चौसष्ट प्रिंट घेऊन. प्रत्येकाच्या हातात एक द्यायचा. आजोबांचा तुझ्या हातून दे, आणि देण्याआधी त्यांच्यासमोर उभी राहून एकदा हात वर कर.

तुझ्या मायेला आम्ही पात्र राहू, एवढं मागतो.

तुझा,
मामा